पाठमोऱ्यानं घेतलेलं नाव

आधी माफी मागून घेतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आमच्याकडे कांदा लावतात, काढतात, चाळीत भरतात, आणि उरलेलं जे काही सांगायचं असतं ते तोंडानं सांगतात. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे 'हे असं लिहू नये' असं सांगणारंही घरात कोणी नाही. त्यातून मी सांगणार आहे ते मटणाच्या वाट्यांबद्दल. मध्येच न्याय, नीती असले मोठे शब्द येतील. वाचणाऱ्यानं हसलं तर माझी हरकत नाही, पण हसून झाल्यावर पुढं वाचावं, एवढी विनंती आहे.

तत्त्वज्ञान हा विषय मी आवडीनं घेतलेला नाही. मी प्रवेशाला पोचलो तोवर बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. संध्याकाळी वडिलांना फोन करून विषय सांगितला. त्यांनी विचारलं, "त्यात काय शिकवतात?"

मी म्हणालो, "बरोबर काय आणि चूक काय, ते कसं ठरवायचं, ते शिकवतात."

वडील म्हणाले, "त्याला नाशकाला कशाला जायला पाहिजे? पारावर बसला असता."

पंचवटीत मी एका मुलाबरोबर खोली घेऊन राहतो. खाली भाजीबाजार. पहाटेच गाड्या लागतात आणि कोथिंबिरीच्या जुड्यांवरून जी भांडणं सुरू होतात, ती ऐकतच आम्ही उठतो. खोलीतला जोडीदार सटाण्याकडचा, संख्याशास्त्राला आहे. चिडला किंवा खूश झाला की तो अहिराणीवर येतो. दिवसा कॉलेज, आणि संध्याकाळी मी इंदिरानगरला एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. एवढी माझी ओळख पुरे.

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मॅडमनी वर्गात एक प्रश्न टाकला. समजा, एका समाजाचे सगळे नियम तुम्हाला ठरवायचे आहेत, पण त्या समाजात तुम्ही स्वतः कोण असणार हे तुम्हाला माहीत नाही. श्रीमंत की गरीब, बाई की पुरुष, कोणत्या जातीचे, काहीच नाही. मग तुम्ही कसे नियम कराल?

मी वर्गात सहसा बोलत नाही. त्या दिवशी हात कसा वर गेला ते कळलं नाही. म्हणालो, "मॅडम, आमच्या गावात मटण असंच वाटतात."

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "पार्सल मिळतं का?" मॅडम हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नीट सांग."

मग मी सांगितलं. आमचं गाव विंचूरच्या पुढं, रस्त्यापासून आत आहे. गावदेवीच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचे मिळून बोकड कापतात. कापायचा मान मुलाणी चाचांच्या घराकडे. मग देवळामागं कांद्यावर टाकायची निळी ताडपत्री अंथरतात आणि तिच्यावर घरटी एक असे वाटे घालतात. प्रत्येकात सगळं थोडं थोडं, मांडी, बरगडी, काळीज. पण कितीही जपून घातले तरी वाटे सारखे होत नाहीत. एखाद्यात नळी जाते, एखाद्यात नुसती मान. म्हणून एक माणूस वाट्यांकडे पाठ करून, देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बसतो. त्याला पाठमोरा म्हणतात. मुलाणी चाचा एका वाट्यावर काठी टेकवतात आणि विचारतात, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याला काठी कुठं आहे ते दिसत नाही. तो गावातल्या एका घराचं नाव घेतो, आणि तो वाटा त्या घराचा होतो. बदलून मागायचा नाही, कुरकुर करायची नाही, आणि एकदा घेतलेलं नाव परत घ्यायचं नाही. पाठमोऱ्याचं स्वतःचं घर सगळ्यात शेवटी. जो उरेल तो त्याचा.

वर्ग आता हसत नव्हता. मला जरा बरं वाटलं, खरं तर बरंच बरं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "फार चांगली पद्धत आहे. आता एक सांग. ज्या घराचं नाव पाठमोऱ्याच्या तोंडीच नाही, त्या घराचं काय?"

"असं घर नाहीये, मॅडम."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

पुलावरून पंचवटीत परत येताना मधेच माझी चाल मंदावली. असं घर होतं. आमच्याच आळीच्या टोकाला होतं.

त्या घरात काकू राहते. माझी सख्खी काकू नव्हे, सगळी आळीच तिला काकू म्हणते. तिचे मालक गेले तेव्हा तिची मुलगी मांडीवर होती. तेव्हापासून तिची चूल वेगळी आहे. हंगामात द्राक्षाच्या बागांमध्ये विरळणीला जाते, बाकी वेळ शिलाई मशीनवर. शेजारचं मोठं घर तिच्या दिरांचं. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, देवीच्या कमिटीत त्यांचा शब्द चालतो. जत्रेत दोन्ही घरांची वर्गणी तात्याच देत, आणि वाटा एकच, 'थोरल्या घराचा'. त्यातून काकूला भरलेलं ताट जायचं. कधी उशीर नाही, कधी कमी नाही. म्हणून ते घर मोजलेलं नाही हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उपाशी माणूस दिसतो. मोजायचा राहिलेला माणूस दिसत नाही.

खोलीवर जोडीदार बटाटे चिरत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुन्हं गाव भारी शे. पण तुमची पद्धत बरोबर आणि यादी चूक. असं उत्तर आमचे सर कापतात."

"मग काय करू?"

"मला काय विचारतो? तत्त्वज्ञान तुझं आहे. माझे बटाटे आहेत."

त्या वर्षी जत्रेला गेलो तो हेच डोक्यात घेऊन. पोचल्याबरोबर काकूकडे गेलो. ती मशीनवर ब्लाऊजला काजं करत होती. उठून चहा ठेवला. मी आडूनआडून विचारायचा प्रयत्न केला. ते काही मला जमत नाही. शेवटी सरळच विचारलं, "काकू, तुझा वाटा वेगळा असावा असं तुला वाटतं का?"

"मला काय कमी हाय?" ती म्हणाली. "ताट येतं की भरून."

तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं ठेवला, आणि स्वतःच्या कपाकडं बघत म्हणाली, "ताट येतं रे. पण ताट आलेल्या माणसाला दुसऱ्याला जेवायला ये म्हनता येत नाय."

मग कळलं. मुलीचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. जावई पहिल्यांदाच जत्रेला येणार होता, दुसऱ्या दिवशी दुपारी. आमच्याकडे जत्रेला जावयाला सासरच्या चुलीवरचं वाट्याचं मटण वाढतात, तोच मान. बाजारातून आणून कितीही रांधलं तरी ते जत्रेचं होत नाही. म्हणजे जावई तात्यांच्या ओट्यावर जेवणार, आणि काकू तिथं वाढायला जाणार.

"पोरगी म्हनली, आई, आपलं घर कोणतं सांगू मी त्यांना," काकू म्हणाली. "मी म्हनलं, दोन्ही आपलीच." मग ती परत मशीनवर जाऊन बसली.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर कमिटी बसली होती. मी उभा राहिलो आणि काकूच्या घराचा वाटा वेगळा घालावा असं म्हणालो. पहिल्यांदा कोणाला नीट ऐकूच गेलं नाही, परत म्हणावं लागलं.

"आज मटणाचा वाटा, उद्या जमिनीचा," एक जण म्हणाला, आणि हशा झाला.

तात्या हसले नाहीत. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "भाऊ गेला तवा हिच्या माहेरच्यांना मी शब्द दिला हाय. हिला वेगळं पडू देणार नाय म्हनून. आज वाटा वेगळा झाला का लोक काय म्हनतील? दिरानं भावजय टाकली. तू नाशकात राहतो, तुला कोणी विचारनार नाय. मला गावात तोंड दाखवायचंय." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला तात्याच बरोबर वाटले. माणूस खोटं बोलत नव्हता. शब्द दिला होता आणि तो पाळत होता. फक्त तो शब्द ज्या बाईबद्दल दिला होता, तिला कोणी काही विचारलं नव्हतं. हे मला सुचलं ते घरी पोचल्यावर. मला सगळं घरी पोचल्यावर सुचतं.

कमिटीनं ठरवलं, वाटे मागच्यासारखेच. वडील माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, "बोलला ते बरं केलं. आता इथं थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी अडचण आली. दरवर्षी पाठमोरे बसणारे गावातले एक म्हातारे बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. कोणाला बसवायचं यावर बराच खल झाला. जो तो दुसऱ्याबद्दल म्हणे, हा बघतो हळूच. शेवटी गिरणीवाले म्हणाले, "या नाशिककराला बसवा. कोणता वाटा कसा असतो हे याला बघूनसुद्धा कळायचं नाय." सगळे हसले आणि मला बसवलं.

द्राक्षाचा क्रेट उलटा घालून मी त्याच्यावर बसलो. समोर देवळाची भिंत, ताजा चुना आणि खाली गेरूची पट्टी. पाठीमागं सगळं गाव.

"हा कोणाचा?"

"मळ्याच्यांचा."

"हा?"

"गिरणीवाल्यांचा."

काकूचं नाव घ्यायचं असं मी ठरवून बसलो होतो, असं इथं लिहिलं तर छान दिसेल. पण तसं नव्हतं. मी गावातल्या घरांच्या क्रमानं चाललो होतो. वेशीपासून आत, मग दुकानवाले, मग मुलाणी चाचांचं स्वतःचं घर, मग आमची आळी. डोळ्यांपुढं भिंत होती, पण मला दिसत होती ती दारं. एकेका दारापाशी थांबत होतो आणि नाव घेत होतो. तात्यांच्या दारापाशी थांबलो, "थोरल्या घराचा" म्हणालो. पुढचं दार काकूचं होतं. ते दार ओलांडून पलीकडं जायला माझे पाय तयार होईनात.

"हा कोणाचा?" चाचांनी विचारलं.

मी म्हणालो, "काकूच्या घराचा."

पाठीमागं कुजबूज सुरू झाली.

"कोणाचा म्हनला?"

"काकूचा म्हनला."

"ते घर मोजलेलं नाय ना."

"ए शहाण्या, परत घे नाव."

"घेतलेलं नाव परत घेत नसतात," कोणीतरी म्हातारं म्हणालं.

"मग वळ इकडं, तोंड दाखव."

मी वळणार होतो. तेवढ्यात चाचांचा आवाज आला, "वळू नको रे. काठी अजून वाट्यावर हाय."

मी भिंतीकडं बघत राहिलो. चुन्याचा एक ओघळ गेरूवर आला होता, तो मला आजही काढून दाखवता येईल.

तात्यांचा आवाज आला, अगदी जवळून. "चाचा, काठी उचल."

"तात्या, ही काठी माझ्या आज्यानं धरली, बापानं धरली," चाचा म्हणाले. "नाव घेतल्यावर ती मागं आलेली नाय. तुमच्या घराला एक साल नुसती मान आली होती. तवा नेली ना मुकाट्यानं?"

"मुकाट्यानं कुठं, आठ दिवस बोलत होते," कोणीतरी म्हणालं, आणि काही जण हसले.

तात्या हसणाऱ्यांतले नव्हते. "वाटे मोजून घातलेत," ते म्हणाले. "एक कमी पडंल. कोणाच्या पोटावर पाय देता सांगा."

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. पण उत्तर तर समोरच होतं, पद्धतीतच होतं. मी न वळता म्हणालो, "आमच्या घराचा. पाठमोऱ्याचं घर शेवटी असतं."

वडील मागं कुठंतरी उभे होते. त्यांचा आवाज येईल म्हणून मी वाट बघितली. आला नाही. त्यांनी 'नाय' म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं.

मग कोणीतरी म्हणालं, "आली बघा."

आमच्याकडे वाट्याला पुरुष येतात. बायका घरी मसाला करतात. काकूला कोणी जाऊन सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग तिचा.

"कोणता, चाचा?"

"हा. काठीखालचा."

"नुसती बरगडीच हाय की," काकू म्हणाली.

"बदलून मागायचा नाय."

"मागती कोण?" ती म्हणाली.

त्यावर जो हशा झाला तो असा होता की भिंतीकडे तोंड असूनसुद्धा मला सगळं गाव दिसलं. मी पण हसलो. पाठमोऱ्यानं हसायचं नाही असा नियम नाही. पातेलं उचलल्याचा आवाज आला, पावलं दूर गेली. चाचांनी काठी पुढच्या वाट्यावर टेकवली आणि विचारलं, "हा कोणाचा?" आणि माझा आवाज, जो आदल्या संध्याकाळी कोणाला ऐकू जात नव्हता, तो देवळाच्या भिंतीवर आपटून परत आला. इतका मोठा आवाज माझ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी चाचा म्हणाले, "आता नुसती ताडपत्री उरली. ही कोणाची?"

"द्या इकडं," वडील म्हणाले. "चाळीवर टाकायला होईल."

घरी आईनं सकाळपासून खोबरं भाजून, वाटण वाटून ठेवलं होतं. आम्ही बापलेक रिकाम्या हातानं आत गेलो. वडिलांनी थोडक्यात सांगितलं. आई माझ्याकडं बघत म्हणाली, "मग या मसाल्यात काय तुझं पुस्तक शिजवू?" आणि बटाटे सोलायला घेतले.

वडील ओट्यावर बसले. मीही जाऊन बसलो. ते म्हणाले, "वाटा गेला त्याचं काय नाय. पण पाठमोऱ्यावर गाव इसवास ठेवतं, कारण तो काय ठरवून बसत नाय. तू ठरवलं."

"मी कोणता वाटा कोणाला ते ठरवलं नाही, दादा. ते मला दिसतच नव्हतं. ते घर आहे एवढंच म्हणालो."

"ते म्हनायचा अधिकार कमिटीचा होता."

"आणि काकूचा?"

त्यांनी तंबाखू मळली, झटकली. "बरोबर केलं का चूक केलं, ते आज नाय कळणार," ते म्हणाले. "पुढल्या साली वाटे घालताना कळंल. गावानं आपणहून घातला तर बरोबर."

दुपारी काकूच्या घरून धूर निघाला. ओट्यावर सतरंजी पडली. जावई आला, नवा शर्ट, पायात नवे बूट, ते काढून कुठं ठेवावेत या काळजीत. थोड्या वेळानं तो तात्यांच्या दारात गेला आणि म्हणाला, "काका, सासूबाईंनी जेवायला बोलावलंय."

"जेवलोय मी," आतून उत्तर आलं. तात्यांच्या घरचं मटण अजून चुलीवरच होतं, ते आळीला वासावरून कळत होतं.

जावई परत आला, मग परत पाठवला गेला, परत रिकामा आला. तेव्हा काकू स्वतः पदर खोचून दिराच्या दारात जाऊन उभी राहिली. "भाऊजी, पानं वाढलीत. तुम्ही बसल्याशिवाय जावई बसंना. गार होऊ राहिलंय."

आख्खी आळी काही ना काही निमित्तानं ओट्यावर होती. तात्या बाहेर आले. टोपी नीट केली. शेजारच्या घरापर्यंतचं अंतर केवढं असतं, पण ते चालायला त्यांना वेळ लागला. जावयाशेजारी बसले. पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

"घ्या वरून," काकू म्हणाली, आणि मीठ वाढलं.

त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आमचे बटाटे होत आले तेवढ्यात काकूची मुलगी झाकलेलं भांडं घेऊन आली. आईच्या हातात देत म्हणाली, "आमच्या घरचं आहे." 'आमच्या घरचं' हे तिनं इतकं हळू म्हटलं की आईनं मुद्दाम विचारलं, "कोणाच्या घरचं?"

"आमच्या," ती म्हणाली, या वेळी मोठ्यानं.

आईनं पहिला घास घेतला. "मसाला माझा चांगला असता," म्हणाली, आणि भांडं पुसून घेतलं.

नाशकात परतल्यावर मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, लिही. मी लिहायला घेतलं आणि इथपर्यंत येऊन थांबलो, कारण शेवट माझ्याजवळ नव्हता. वडिलांचं म्हणणं मला सोडत नव्हतं. मी योग्य माणसासाठी योग्य गोष्ट केली, पण विश्वासानं दिलेल्या जागेवर बसून केली. तात्यांनी शब्द पाळला आणि तरी एक बाई मोजायची राहिली. चाचांनी नुसता नियम पाळला आणि त्यातून न्याय झाला. हे सगळं एका तराजूत कसं घालायचं ते माझ्या पुस्तकात नव्हतं. जोडीदार म्हणाला, "एका सालाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढत नसतात. पुढचा येऊ दे."

पुढच्या जत्रेला मी जाऊ शकलो नाही. वाट्याच्या दिवशीच शेवटच्या वर्षाचा पेपर आला. पेपरात एक प्रश्न निःपक्षपातीपणावर होता. मी पुस्तकातलं लिहिलं, वाट्यांचं काही लिहिलं नाही, कारण तिकडं काय झालं ते माहीत नव्हतं. पेपर सुटल्यावर घरी फोन लावला. लागला नाही. जत्रेत स्पीकरच्या भिंती असतात, फोन वाजला तरी कोणाला ऐकू येत नाही. पुलावर थांबून परत लावला. नाही. इंदिरानगरला दुकानात गेलो आणि कोणाचा तरी जाडजूड प्रोजेक्ट झेरॉक्सला लावला. पानं उलटी लागली. मालक म्हणाले, "पेपर अवघड गेला का?"

"नाही," मी म्हणालो. "निकालाची वाट बघतोय."

"आजच पेपर आणि आजच निकाल?"

तेवढ्यात फोन वाजला. वडील होते. मागं ताशा वाजत होता, ते ओरडून बोलत होते. मी मशीन बंद केलं.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला. दादा, वाटे?"

"झाले. पोटभर जेवलो."

"म्हणजे... काकूचं घर?"

"वाटे घालायच्या आधी तात्या उभा राहिला," वडील म्हणाले. "म्हनला, आमच्या शेजारचं घर मोजा. ते वेगळं हाय. मग एक जण म्हनला, मग अंगणवाडीच्या बाईंचं? ते बी मोजलं. मग वेशीजवळची ती पोर, सासरहून परत आलेली, आईसंगं राहती ती. ते बी मोजलं. सगळे वाटे जरा लहान पडले. कोणी काय बोललं नाय."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. मालक माझ्याकडं बघत होते.

"ऐकू येतंय का?" वडील ओरडले.

"येतंय. पाठमोरं कोण बसलं होतं? बाबा आले होते?"

"बाबा आले होते. पण चाचा म्हनला, गेल्या साली जिचं घर विसरत होतो तिलाच बसवा, ती कोणाला विसरायची नाय. काकूला बसवली."

"आणि तिचं घर?"

"पाठमोऱ्याचं घर शेवटी असतं ना," वडील म्हणाले. "शेवटीच घेतलं. वाटा होता."